कॅरीला कोट नव्हता

(वाचक मंडळाच्या मासिक व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, थिओडोर ड्रायझरची 'सिस्टर कॅरी', विस्कॉन्सिनमधून शिकागोला आलेल्या मुलीची अमेरिकन कादंबरी, तुम्ही सगळे वाचून आला आहात असं कार्यवाहांनी सांगितलं. त्यामुळे कथानक सांगत बसत नाही. आजचा विषय असा जाहीर झाला आहे : 'ड्रायझरच्या कादंबरीतली महत्त्वाकांक्षा'. त्यावर बोलणारच आहे. पण त्याआधी मनात फार वर्षं साचलेलं एक सांगतो, म्हणजे मूळ विषयाला हात घालता येईल.

मी इंग्रजीचा मास्तर. आमच्या अभ्यासक्रमात ही कादंबरी होती तेव्हा परीक्षेत एक प्रश्न हटकून यायचा : 'कॅरीच्या अधःपतनाची कारणमीमांसा करा.' साल बदलायचं, प्रश्न तोच. मुलंही तयारीत असायची. आईबापांचं लक्ष नव्हतं, शहरात मोह फार, स्वभाव दुबळा, दागिन्या-कपड्यांची हौस, ड्रूएसारखा गोडबोल्या फिरता विक्रेता आगगाडीतच भेटला. पाच मुद्दे, पाच गुण. गाइडात छापलेलं उत्तर आणि तपासनिसाच्या हातातलं नमुना उत्तर यांत काडीचाही फरक नव्हता.

एका वर्षी पेपर तपासताना एका मुलीचं उत्तर हाती आलं. तिने लिहिलं होतं (मूळ इंग्रजीत, मी मराठीत सांगतो) : 'कॅरीचं अधःपतन झालं नाही. तिला कोट नव्हता.' पुढे अर्ध्या पानात हिशेब होता. बुटांच्या कारखान्यात आठवड्याला साडेचार डॉलर. त्यातले चार बहिणीकडे राहण्याजेवण्याचे. हातात पन्नास सेंट. शिकागोचा हिवाळा आला, अंगावर गरम कपडा नाही, पोरगी आजारी पडली, तीन-चार दिवस गेली नाही, नोकरी गेली. त्यानंतर ड्रूए भेटतो. 'कोट असता तर कादंबरी तिसाव्या पानावर संपली असती,' असं तिने शेवटी लिहिलं होतं. पानाचा आकडा चुकला होता, पण मी त्या उत्तराला भरघोस गुण दिले. वरच्या तपासनिसांनी ते खाली आणले. नैतिक दुर्बलतेचा मुद्दा उत्तरात आलेला नाही, असं कारण दिलं. मी हुज्जत घातली, लेखी दिलं, भेटून सांगितलं. काही झालं नाही. आज इतकी वर्षं झाली तरी मला वाटतं की त्या गठ्ठ्यात कादंबरी वाचलेली ती एकटीच होती.

आणि बघा, प्रश्नच मुळात कसा उलटा! कादंबरीच्या शेवटी कॅरी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलात राहते आहे. नटी म्हणून ब्रॉडवेवर तिचं नाव झळकतं आहे. पडतो तो हर्स्टवुड, ज्याच्याबरोबर ती शिकागो सोडते तो. शिकागोतल्या भपकेबाज मद्यगृहाचा मॅनेजर, शहराच्या उत्तर भागात घर, गावातले नामांकित लोक ज्याला नावाने हाक मारतात असा माणूस न्यूयॉर्कच्या बॉवरी या गरीब वस्तीतल्या पंधरा सेंटांच्या खोलीत गॅस सोडून मरतो. त्याच्या अधःपतनाची कारणमीमांसा करा, असा प्रश्न एकदाही आला नाही. बाई वर चढली तरी ती पडली म्हणायचं आणि पुरुष खाली गेला तर दैव म्हणायचं. इथे बसलेल्या भगिनी हसताहेत, म्हणजे हे फक्त आमच्या परीक्षेपुरतं नसावं.

हा चष्मा काही आमच्या विद्यापीठाने शोधलेला नव्हता. पुस्तक छापायला गेलं त्याच दिवसापासून तो त्याच्यावर चढलेला आहे. ती गोष्ट तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल, तरी सांगतो, कारण ती अर्धवटच सांगितली जाते.

ड्रायझर १८७१ चा, इंडियानातल्या टेर होटचा, तेरा भावंडांतला बारावा. १८९९ च्या सप्टेंबरात त्याने कादंबरीला हात घातला तो आर्थर हेन्री या मित्राच्या आग्रहामुळे. हा हेन्री त्याला भेटला होता टोलेडोमध्ये, १८९४ साली. तिथे ट्रामवाल्यांचा संप चालू होता, हेन्री वर्तमानपत्राचा संपादक, ड्रायझर भटका बातमीदार. संपाची बातमी करायला त्याला पाठवलं. कादंबरीत हर्स्टवुड ब्रुकलिनच्या संपात फुटीर म्हणून ट्राम चालवायला जातो ना, शिव्या, दगड, बर्फ, गोळी, तो सगळा भाग आठवा. असं लिहायला बातमीदारच लागतो. असो, हे मी मध्येच घुसडलं, पण राहवलं नाही.

१९०० च्या मार्चमध्ये लिखाण संपलं. हार्पर या प्रकाशनाने नाकारलं. मग बाड डबलडे-पेज या प्रकाशनाकडे गेलं. तिथे हस्तलिखितं वाचायला होता फ्रँक नॉरिस, स्वतः कादंबरीकार. तो बेहद्द खूश झाला. भागीदार वॉल्टर हाइन्स पेज यांनी होकार कळवला. मालक फ्रँक डबलडे युरोपात होते. ते परतले, त्यांनी वाचलं आणि बेत फिरला. त्यांच्या पत्नीने वाचून नाक मुरडलं अशी एक आख्यायिका आहे. ड्रायझर ती आयुष्यभर सांगत राहिला, आणि भाषणांतून हीच तेवढी सांगितली जाते. तिला भक्कम पुरावा नाही. त्या बाईंवर उगाच खापर कशाला? मालकाला स्वतःचं मत असू शकतं.

खरी गोष्ट पुढे आहे. पेजसाहेबांनी ड्रायझरला फार सौजन्याने सुचवलं की आम्हाला मोकळं करा. ड्रायझर अडून बसला. शब्द दिला आहे, तो पाळा. त्यांनी पाळला, पण नुसता कायद्यापुरता. नोव्हेंबर १९०० मध्ये पुस्तक निघालं. साध्या लाल कापडाची बांधणी, जाहिरात नाही. नॉरिसने बिचाऱ्याने आपल्या परीने परीक्षणासाठी प्रती धाडल्या. छापल्या १,००८ प्रती, बांधल्या ५५८, विकल्या ४५६. लेखकाला मानधन मिळालं ६८ डॉलर ४० सेंट. या माणसाने सबंध कादंबरीभर प्रत्येकाच्या खिशातला पैसा मोजला, आणि त्याच्या स्वतःच्या खिशात पडलं ते एवढं.

पुढे तो खचला. झोप उडाली, लिहिणं थांबलं. १९०३ मध्ये ब्रुकलिनमध्ये त्याची अवस्था जवळपास हर्स्टवुडसारखी झाली होती. त्याचा थोरला भाऊ पॉल, लोकप्रिय गाणी रचणारा, रस्त्यात भेटला आणि त्याने त्याला आरोग्यधामात पाठवलं. १९०७ मध्ये दुसऱ्या प्रकाशकाने 'सिस्टर कॅरी' पुन्हा काढली तेव्हा कुठे ती लोकांपर्यंत गेली. आणि त्याच वर्षी हा गृहस्थ संपादक झाला तो कशाचा, तर 'डेलिनिएटर' या बायकांच्या फॅशनच्या मासिकाचा. कपड्यांचे कागदी नमुने विकणाऱ्या कंपनीचं मासिक! मला ते अगदी साजेसं वाटतं. दुकानातल्या जाकिटापुढे उभ्या असलेल्या मुलीचं मन त्याच्याइतकं कुणाला कळलं होतं?

कार्यवाहांनी चिठ्ठी पाठवली आहे. वीस मिनिटं राहिली, त्यांतली दहा प्रश्नांसाठी. ठीक आहे, मुद्द्यावर येतो. भरभर बोलतो, पण लक्ष द्या, कारण मला जे सांगायचं होतं ते हेच.

कादंबरी लिहायला घेण्याआधी ड्रायझर मासिकांत लेख लिहून पोट भरत होता. त्यातलं एक मासिक 'सक्सेस', संपादक ओरिसन स्वेट मार्डेन, यशाचे कानमंत्र देणारी पुस्तकं लिहिणारे. आपल्याकडेही त्यांचे अनुवाद कितीतरी लोकांनी वाचले असतील. त्या मासिकासाठी ड्रायझर थोरामोठ्यांच्या मुलाखती घेत असे : तुमच्या यशाचं रहस्य काय? १८९८ मध्ये असे लेख झाले त्यांत एडिसन होता, शिकागोचा मांसाचा बादशहा फिलिप आर्मर होता, आणि शिकागोच्या सर्वांत मोठ्या दुकानाचा मालक मार्शल फील्ड होता. आता कादंबरी उघडा. कॅरीचा मेव्हणा हॅन्सन काय करतो? गुरांच्या बाजारात मांस वाहून नेणारे आगगाडीचे बर्फाचे डबे धुतो. कॅरी नोकरी शोधत फिरते तेव्हा कुठे थबकते? अशाच अवाढव्य दुकानांत, काचेआडच्या मालापुढे. आर्मरला आणि फील्डला जो प्रश्न विचारला, तोच ड्रायझरने वर्षभरात त्यांचे डबे धुणाऱ्याला आणि त्यांच्या काचेबाहेर उभ्या असलेल्या मुलीला विचारला. मेहनत कर, काटकसर कर, वर येशील, हे ते उत्तर. हॅन्सन दोन्ही करतो. पश्चिमेकडच्या दोन प्लॉटचे हप्ते भरतो, लवकर झोपतो, नाटकाला जायचं नाव काढलं तर कपाळाला आठी. तो कुठे पोचतो? कुठेच नाही.

दुसरं. कॅरीच्या मनात महत्त्वाकांक्षा म्हणून काही ठरलेलं नसतं. ऑगस्ट १८८९ मध्ये ती विस्कॉन्सिनहून निघते तेव्हा जवळ चार डॉलर आणि बहिणीचा पत्ता. शिकागोची वस्ती १८८० ला पाच लाखांवर होती, १८९० ला अकरा लाखांच्या आसपास. त्या शहरात हवं काय हे तिला शहरच शिकवतं, आणि किमतीसकट शिकवतं. ड्रूए तिला विंडसर हॉटेलात जेवायला नेतो तो प्रसंग बघा. अळंबी घातलेलं सर्लोइन, म्हणजे गोमांसाचा उंची तुकडा, सव्वा डॉलर. ड्रायझर दर सांगितल्याशिवाय पुढे सरकत नाही. आठवडाभर बुटांना भोकं पाडून मिळणाऱ्या पगाराचा चौथा हिस्सा एका ताटात. मग दहा-दहाच्या दोन हिरव्या नोटा. मोह हा शब्द मी इथे वापरणार नाही. त्या मुलीने उत्तरपत्रिकेत केला तो हिशेबच बरोबर आहे.

१८८९ म्हणजे पंडिता रमाबाईंचं 'यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' मराठीत प्रसिद्ध झालं तेच साल. रमाबाईंना त्या देशात संघटना बांधणाऱ्या बायका दिसल्या, दारूबंदी चळवळीच्या नेत्या फ्रान्सिस विलार्ड दिसल्या, आणि आपल्या माणसांसाठी त्यांनी ते कौतुकाने लिहिलं. कॅरीच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. तिच्या कारखान्यात शेजारच्या मुलींचं धड बोलणंही होत नाही. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून कुणीतरी लिहायला हवं. तरुण मंडळी बसली आहेत, विचार करा.

तिसरं, हर्स्टवुड. तिजोरीचा प्रसंग. मालकांची दहा हजारांवर रोकड हातात, ठेवू की नेऊ अशी चलबिचल, आणि तेवढ्यात कुलूप खटकन लागतं. चोरी त्याने केली की ती घडली? ड्रायझर हा प्रश्न तसाच ठेवून देतो. बहुतेक पैसे तो परत पाठवतो, तेराशे ठेवतो. न्यूयॉर्कमध्ये वॉरन स्ट्रीटच्या मद्यगृहात भागीदारी, ती गेल्यावर हातात सातशे, आणि मग आकडा फक्त उतरत जातो. शिकागोत जो कुणीतरी होता त्याला इथे कुणी ओळखत नाही. त्याची ऐपत, त्याची ऐट, सगळं त्या खुर्चीचं होतं, त्याचं नव्हतं.

आणि कॅरीचा आकडा चढतो. कोरसमध्ये बारा डॉलर. मग नट नेहमीसारखा एका मुलीला विचारतो, 'तू कोण?' ती मुलगी म्हणजे कॅरी, ती न सांगता उत्तर देते, 'आपलीच!' प्रेक्षागृह हसतं, पगार वाढतो. पुढे क्वेकर मुलीची मुकी भूमिका, तिने नुसत्या भुवया आक्रसल्या, लोक वेडे झाले, आठवड्याला दीडशे. भुवईला दीडशे आणि बुटांना साडेचार! यशाचं रहस्य विचारणाऱ्या मासिकाला यावर काय सांगता आलं असतं?

अगदी शेवटचा मुद्दा, माझा सर्वांत आवडता. कॅरी हर्स्टवुडला सोडून जाते तेव्हा चिठ्ठीसोबत किती पैसे ठेवते? वीस डॉलर. ड्रूएने तिला दिले होते तेवढेच. हा योगायोग आहे असं मी मानत नाही. एकेकाळी वीस डॉलरला तिचं आयुष्य वळलं, आता ती तेवढ्यालाच दुसऱ्याच्या आयुष्यातून मोकळी होते, आणि यात तिच्याकडे दुष्टपणा नाही. किंमत काय असते हे तिला ज्या शहराने शिकवलं, त्याच्याच दराने ती वागते.

शेवटाविषयी वाद घालायचा आहे, तो प्रश्नोत्तरांत घालू. तुम्ही वाचलीत ती बहुधा १९०० ची प्रत, तिच्या शेवटी कॅरी झुलत्या खुर्चीत बसलेली. १९८१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने मूळ हस्तलिखितावरून गाळलेला मजकूर परत घालून प्रत काढली, ती हर्स्टवुडच्या मृत्यूवर थांबते. माझं मत दुसऱ्या शेवटाला आहे. खुर्चीचा शेवट कॅरीला उपदेश करतो, आणि एवढ्या पानांत कुणालाही उपदेश न करणाऱ्या लेखकाने तो करावा हे मला पटत नाही. ज्यांचं मत उलट आहे त्यांनी आधी हात वर करा.