गाठ कोण मारतं त्यावर असतं

मंडळी नमस्कार, आपल्या या प्रदर्शनात बोलायला मला दहा मिनिटं दिलीत, त्यातली दोन माइकने खाल्ली 😀

२०१९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला मेट ब्रॉयर नावाच्या म्युझियममध्ये शिल्पकार मृणालिनी मुखर्जींचं प्रदर्शन होतं. मी खरं तर एसी मिळेल म्हणून शिरलो आणि समोर काय, तर सुतळी! ताग रंगवून, हाताने गाठी मारत मारत माणसापेक्षा उंच केलेल्या मूर्ती, नावं यक्षी, देवी, वनश्री. लांबून वाटतं देवळातली देवी, जवळ गेलं तर फूल, अजून जवळ गेलं की शरीर, आणि ते बाईचं का पुरुषाचं हे काही केल्या ठरत नाही. बाई मुंबईत जन्मलेल्या (१९४९), बडोद्याला शिकल्या, दिल्लीत काम केलं, २०१५ मध्ये गेल्या. आधी स्केच नाही, मॉडेल नाही, एक गाठ मारायची आणि ती नेईल तिकडे जायचं.

आता मला आठवली आमची मावशी. ऐंशीच्या दशकात घरोघरी मॅक्रमेचं, म्हणजे दोऱ्याला गाठी मारून वस्तू करायचं, खूळ होतं बघा, झोपाळा, कुंडीचं शिंकं, ते लाकडी मण्यांच्या डोळ्यांचं घुबड. गाठ तीच हो! पण मावशीच्या कामाला सगळे म्हणायचे "वेळ छान जातो हिचा". शिल्पकार म्हणजे हातात छिन्नी-हातोडा घेतलेला पुरुष, आणि दोरा-सुतळी म्हणजे बायकांचा टाइमपास, हे आपण कधी ठरवलं कोण जाणे.

आणि त्याच्याही खाली एक गाठ आहे. आमच्या गावात पोळ्याच्या आधी मातंग वस्तीतले एक आजोबा कासरे, दावी, शिंकी घेऊन यायचे, पायाच्या अंगठ्यात दोर अडकवून पीळ घालताना मी तासन् तास बघत बसायचो. बदल्यात सुपात धान्य मिळायचं, तेही ओट्याखालीच. बैल त्यांच्या दोराने बांधलेला चालायचा, ते मात्र उंबऱ्याच्या आत चालायचे नाहीत. त्यांना कलाकार सोडा, कारागीरसुद्धा कोणी म्हटलं नाही. मुखर्जी शांतिनिकेतनच्या कलाकार घरातल्या, म्हणून सुतळी म्युझियमपर्यंत पोचली, हेही खरंच आहे, ते लपवून कौतुक करण्यात अर्थ नाही.

आता जरा आपल्याच हॉलकडे बघा. पेंटिंग्ज तिकडे "कला प्रदर्शन" बोर्डाखाली, आणि क्रोशाचं तोरण, गोधडी इकडे "महिला विभाग" म्हणून चहाच्या टेबलाशेजारी. ती गोधडी उलटून मागचे टाके बघा एकदा! पुढच्या वर्षी दोन्ही टेबलं शेजारी लावूया, उचलायला मी येतो.