एका घराची दोन मतं

नमस्कार मंडळी.

गेली दोन वर्षं मंडळाच्या निवडणुकीचं काम माझ्याकडे होतं. ते पुढच्यांकडे सोपवताना मला मुख्यतः मतदार यादीबद्दल बोलायचं आहे.

उमेदवारी अर्ज, छाननी, माघार हे सगळं घटनेत लिहिलेलं आहे आणि ते सुरळीत होतं. घोडं अडतं ते यादीपाशी. आपल्यातले बहुतेक जण कुटुंब सभासद आहेत. घटनेप्रमाणे नवरा-बायको दोघांनाही मत आहे, पण नोंदणीच्या फॉर्मवर ईमेल एकच, आणि तो बहुधा नवऱ्याचा. मतदानाच्या दोन्ही लिंक त्याच पत्त्यावर जातात. मग रात्री जेवताना, "अगं, तुझंही मत टाकलं मी." गणपतीत जी दीडशे पानांचा स्वयंपाक उभा करते, तिचं मत दुसऱ्यानेच दिलेलं! मला हे मनापासून खटकतं. एका काकूंनी मागच्या वर्षी फोन करून विचारलं, "मत कुठे द्यायचं असतं हो?" त्यांना सभासद होऊन अठरा वर्षं झाली होती.

आणि हे मत कशासाठी असतं? कार्यक्रम ठरवणं हा कार्यकारिणीच्या कामाचा दिसणारा भाग झाला. आपण ५०१(सी)(३), म्हणजे अमेरिकेच्या कायद्याने करमाफी मिळालेली धर्मादाय संस्था आहोत. देणग्यांचा पैसा आणि संस्थेची करमाफी याच माणसांच्या हाती असते. आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याकडे, दरवर्षी विवरणपत्र जावं लागतं. जमा साधारण ५०,००० डॉलरच्या आत असेल तर छोटं ई-पोस्टकार्ड पुरतं, पण तेही सलग ३ वर्षं भरायचं राहिलं तर करमाफी आपोआप रद्द होते. हे बेफिकिरीनेच होतं असं नाही. खजिनदार गाव सोडून जातात, पासवर्ड त्यांच्याबरोबर जातो, आणि नव्या मंडळींना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून दरवर्षी निम्म्याच जागांची निवडणूक घेण्याचा जो प्रस्ताव आज सभेपुढे आहे, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. निम्मी माणसं जुनी राहिली की कागद हरवत नाहीत.

बिनविरोध निवडीचं आपल्याला कौतुक असतं. सात जागांना सातच अर्ज आले की मला मात्र काळजी वाटते. तरुण जोडपी, विद्यार्थी, नुकतेच आलेले, यांतलं कुणीच का पुढे आलं नाही?

चहाच्या टेबलाशेजारी यादीच्या छापील प्रती ठेवल्या आहेत. आपलं नाव शोधा आणि त्यापुढे स्वतःचा ईमेल स्वतःच्या हाताने लिहा. ३१ ऑक्टोबरला यादी बंद होईल.