साक्षीदारावर कॅमेरा नको

नमस्कार मंडळी. वेळ थोडा आहे, म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. फौजदारी खटल्यातला युक्तिवाद आणि निकाल टीव्हीवर जरूर दाखवा. साक्षी दाखवू नका.

तुम्ही म्हणाल, खटला उघड्या कोर्टातच चालतो, कोणीही जाऊन मागच्या बाकावर बसू शकतो, मग कॅमेऱ्यानेच काय घोडं मारलंय? पण त्या बाकावर एक माणूस बसू देत नाहीत: ज्याची साक्ष अजून व्हायची आहे तो. आधीच्याचं ऐकून त्याने आपली साक्ष जुळवून घेऊ नये, म्हणून त्याला बाहेर थांबवतात. खटला थेट दाखवला की तो घरबसल्या सगळं ऐकतो, आणि त्याला ‘पाहू नका’ असं बजावण्यापलीकडे कोर्टाच्या हातात फारसं काही उरत नाही.

उलटतपासणीचं तर विचारूच नका. “दिवा चालू होता?” “हो.” “नक्की?” “म्हणजे... बहुतेक.” मग त्याच्याच बाजूचा वकील पुन्हा प्रश्न विचारतो, त्या फेरतपासणीत कदाचित खुलासा होतो की दिवा बाहेरच्या खोलीतला होता. न्यायाधीश दोन्ही ऐकतात. लोकांच्या मोबाइलवर मात्र फिरतं ते तेवढं ‘बहुतेक’. न्यायाधीश, वकील आपापलं काम करायला आलेले असतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण साक्षीदाराला समन्स आलं की चढावीच लागते.

हे दुखणं टीव्हीच्या आधीचं आहे. मुंबई उच्च न्यायालयात एका बदनामीच्या दाव्यात साक्षीदाराने तक्रार केली की आधीची साक्ष छापून आल्याने धंद्याला फटका बसला. न्यायाधीशांनी पुढची साक्ष छापू नका असं सांगितलं. पत्रकार नरेश मिरजकर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, एकाचा अपवाद वगळता, तो आदेश योग्य ठरवला.

नुसता आवाज ऐकवून भागतं का? दक्षिण आफ्रिकेचा धावपटू ऑस्कर पिस्टोरियस याच्यावरच्या, मैत्रिणीच्या खुनाच्या खटल्यात, २०१४ साली, ज्या साक्षीदारांची तयारी नव्हती त्यांचा चेहरा दाखवायचा नाही असं ठरलं होतं. पहिल्याच साक्षीला एका वाहिनीने आवाजाबरोबर त्या बाईंचा फोटो पडद्यावर लावला! न्यायाधीश भडकल्या, पण तोवर चेहरा घरोघरी पोचला होता.

इंग्लंड-वेल्सची रीत मला पटते. १९२५ च्या कायद्याने तिथे कोर्टात फोटो काढायलाही बंदी आहे. जुलै २०२२ पासून क्राउन कोर्टात, म्हणजे गंभीर गुन्ह्यांचे खटले चालतात तिथे, शिक्षा सुनावताना परवानगीने कॅमेरा येतो, पण तो रोखलेला असतो फक्त न्यायाधीशांवर.

जॉर्ज फ्लॉइडच्या खुनाबद्दल अमेरिकेतला पोलिस अधिकारी डेरेक शोव्हिन याच्यावर २०२१ मध्ये चाललेला खटला मात्र माझ्या मताला अवघड जातो. कोविडमुळे लोकांना कोर्टात बसता येत नव्हतं, म्हणून न्यायाधीश केहिल यांनी सरकारी वकिलांचा विरोध असतानाही थेट प्रक्षेपण होऊ दिलं. घटनेच्या वेळी अल्पवयीन असलेल्या साक्षीदारांचा फक्त आवाज ऐकवला. लोकांनी पुरावा स्वतः पाहिला आणि त्याचा उपयोग झाला, हे मी नाकारत नाही. पण फ्लॉइडच्या मृत्यूचा व्हिडिओ जगाने आधीच पाहिलेला होता. बहुतेक खटल्यांत असं काही नसतं. समोर उभ्या माणसाच्या शब्दावर सगळं अवलंबून असतं. तो आरोपीच्या गल्लीतलाच असला, तर कॅमेऱ्यासमोर तोंड उघडेल का?