पट्टी तुटण्याआधी

(दृश्य: यंत्राच्या जबड्यांत उभी पकडलेली काळी पट्टी)

कार्बन फायबर, म्हणजे कार्बनचे बारीक तंतू, आणि त्यांना एकत्र धरून ठेवणारं इपॉक्सी रेझिन, यांची ही पट्टी. लांबी 250 मिलिमीटर, रुंदी 15, जाडी अवघी 1. सगळे तंतू लांबीच्याच दिशेनं. ती ओढून तोडायला दोन टनांहून जास्त भार लागतो. तुटते तेव्हा मोठा आवाज होतो आणि पट्टीच्या अक्षरशः झाडूसारख्या काड्या होतात.

मात्र पट्टी जबड्यापाशीच तुटली, तर त्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. दोष पकडीचा असू शकतो. म्हणून तिच्या टोकांना बहुधा ग्लास फायबरचे तुकडे चिकटवतात.

(दृश्य: सतत हलणारं यंत्र, पडद्यावर आलेख)

खरी उत्सुकता इथून पुढे. ही दुसरी पट्टी, हिच्यातले थर वेगवेगळ्या कोनांत रचलेले. भार कमी, पण तो पुन्हा पुन्हा. धातूत बहुतेकदा एखादीच भेग वाढत जाते. इथे तसं होत नाही. आधी ज्या थरांतले तंतू भाराला आडवे असतात, तिथल्या रेझिनमध्ये असंख्य बारीक चिरा पडतात, मग थर एकमेकांपासून सुटू लागतात, आणि अधूनमधून एखादा तंतू तुटतो. वरून पट्टी धडधाकट दिसते, तरी तेवढ्याच भाराला ती आता जास्त ताणली जाते. ही घटती ताठरता चाचणीभर नोंदवत राहायची.

घाई मात्र चालत नाही. वेग वाढवला की पट्टी आतून तापते, रेझिन मऊ पडतं, आणि थकव्याऐवजी, म्हणजे पुन्हा पुन्हा भार पडून होणाऱ्या झिजेऐवजी, उष्णतेचीच चाचणी होऊन बसते. म्हणून वेग साधारण सेकंदाला 5 आवर्तनं; भार एकदा चढून उतरला की एक आवर्तन. या हिशेबानं 10 लाख आवर्तनांना 55 तास लागतात. पवनचक्कीचं पातं 20 वर्षांत 10 कोटींहून जास्त आवर्तनं सोसतं. तेवढी इथे करायची म्हटलं, तर एकाच पट्टीसाठी साडेसात महिने यंत्र अडकून पडेल! शिवाय एका पट्टीवर भागत नाही. एकाच साच्यातल्या, एकाच भाराखालच्या दोन पट्ट्यांच्या आयुष्यात दहापट फरक पडू शकतो.

(दृश्य: चौकोनी पत्र्यावर पडणारं वजन)

आणि ही चाचणी आम्हाला सगळ्यांत बोलकी वाटते. अशाच थरांच्या, 150 बाय 100 मिलिमीटरच्या कार्बन फायबरच्या पत्र्यावर वजन पाडतात. वर जेमतेम खळगा दिसतो. अल्ट्रासाउंड लावला की आत दूरवर सुटलेले थर दिसतात. मग तोच पत्रा कडेनं दाबतात. सुटलेले पातळ थर दाबाखाली बाहेर फुगतात, आणि धड पत्र्यानं सहज पेललेल्या भाराच्या कितीतरी आधी तो मोडतो.