खोल खणावं लागेल

(नवपदवीधरांच्या गौरव उपासनेनंतर पुण्यात झालेलं व्याख्यान, संपादित)

मुलामुलींनो, येशूने सांगितलेली दोन घरांची गोष्ट तुम्ही संडे स्कूलमध्ये हातवाऱ्यांसह शिकलात. एक घर खडकावर, दुसरं वाळूवर; पूर आला तेव्हा पहिलं टिकलं, दुसरं कोसळलं. मत्तयाच्या सातव्या अध्यायात ती आहे, लूकच्या सहाव्यातही आहे. लूक मात्र एक तपशील जास्त देतो आणि मला आज त्याच्यावरच बोलायचं आहे. खडकावर बांधणाऱ्या माणसाने खोल खणलं, असं तो सांगतो.

तुमच्यातले स्थापत्यवाले हे लगेच ओळखतील. आपल्याकडची काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला, की काही पावसाळ्यांतच खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा निघतो, दारं चौकटीत अडकायला लागतात. म्हणून ती माती काढून मुरमापर्यंत, शक्य तर खडकापर्यंत जावं लागतं. येशू ज्या गालीलात बोलत होता तिथला खडकही आपल्यासारखाच. कफर्णहूमच्या उत्खननात सापडलेली घरं काळ्या बेसाल्टची आहेत, म्हणजे आपल्या जुन्या वाड्यांच्या जोत्यांचाच पाषाण. तिथले ओढे उन्हाळ्यात कोरडे असतात, पात्रातली वाळू पायाखाली टणक वाटते, आणि हिवाळी पाऊस आला की लोंढा येतो. कोरडा ओढा एका रात्रीत काय करतो हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याने ते दाखवलं.

आता गोष्ट नीट वाचा. पाऊस दोन्ही घरांवर पडला. वचनही दोन्ही माणसांनी ऐकलं. पहिल्याने ऐकलं आणि केलं, दुसऱ्याने फक्त ऐकलं, एवढाच फरक येशूने सांगितला आहे. तुम्ही वीस-बावीस वर्षं ऐकत आलात. उपदेश ऐकले, शिबिरं केली, दृढीकरणाचे धडे पाठ केले. तुमचं ऐकणं भरपूर झालं आहे. आता करण्याबद्दल बोलू.

सुरुवात वाचनापासून. दरवर्षी पुष्कळ तरुण १ जानेवारीला बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, रोज ३ अध्याय वाचायला घेतात. २५ जानेवारीच्या सुमारास ते निर्गमातल्या निवासमंडपाच्या फळ्या, पडदे आणि कड्यांपाशी पोचतात, ३१ तारखेला लेवीय उघडतात आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात वाचन बंद पडतं. मग वर्षभर मनात टोचणी राहते. यात श्रद्धा कमी पडली असं नाही, आखणी चुकली. नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्याचे ५ दिवस रोज एक अध्याय धरला, तर बरोबर ५२ आठवड्यांत तो पुरा होतो. शनिवार राहिलेलं भरून काढायला, आणि रविवारी मंडळीत बसून ऐकायचं. मार्कपासून सुरू करा, त्याचे १६ अध्यायच आहेत. ते झाले की नीतिसूत्रांचे ३१ अध्याय जोडीला घ्या, ज्या तारखेला जो अध्याय येईल तो. तारीख चुकली तर मागे जाऊ नका, त्या दिवसाचा वाचा.

एक साधी वही ठेवा. दर दिवशी दोनच ओळी लिहायच्या: आज काय वाचलं, आणि त्यातलं आज काय करणार. दुसरी ओळ महत्त्वाची. ‘प्रेमाने वागेन’ असं लिहिलंत तर संध्याकाळी तपासायला हाती काही राहत नाही. ‘दादाला फोन करून परवाच्या बोलण्याबद्दल माफी मागेन’ असं लिहा. वाचन छापील बायबलमधूनच करा, हा माझा आग्रह आहे. मोबाइलवर तिसऱ्या वचनाला कुणाचा तरी संदेश येतो आणि तुम्ही तिकडे जाता. झोपायच्या खोलीत मोबाइल नको. बाजारात साधं गजराचं घड्याळ मिळतं, ते आणा.

प्रार्थनेला दहा मिनिटं पुरे, पण ती रोजची हवीत. शब्द सुचत नसतील तर प्रभूची प्रार्थना ओळीओळीने घ्या आणि प्रत्येक ओळीवर थांबा. तिच्यात आधी देवाचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा येते आणि नंतर आपली भाकर. आपण बहुतेक थेट भाकरीपासून सुरुवात करतो, म्हणून प्रार्थना दोन मिनिटांत संपते.

आता नोकरी. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथेच पाया सर्वांत आधी हलतो.

दानीएलाचा पहिला अध्याय तुमच्या वयाच्या मुलांचा आहे. हुशार तरुण, परका देश, राजाच्या खर्चाने तीन वर्षांचं शिक्षण आणि पुढे दरबारात नोकरी. दानीएलाने बाबेलची भाषा शिकली, त्यांचं वाङ्मय वाचलं, त्यांनी दिलेलं बेल्टशस्सर हे नावसुद्धा चालवून घेतलं. एका जागी मात्र त्याने रेघ ओढली, राजाच्या ताटातल्या अन्नाशी. ती त्याने कशी ओढली ते पाहा. ताट समोर येण्याच्या आत मनाशी निश्चय केला. मग अधिकाऱ्याकडे नम्रपणे विनंती केली. वर पर्यायही सुचवला: दहा दिवस भाजीपाला आणि पाणी देऊन पाहा, मग तुम्हीच ठरवा.

हे तीन भाग जसेच्या तसे उचला. आधी ठरवा, नम्रपणे बोला, पर्याय द्या. आपल्या शहरात नोकरी शोधणाऱ्या मुलांना बोगस अनुभवपत्र विकणारे लोक भेटतात. दोन वर्षांचा अनुभव कागदावर दाखवा, पगार वाढेल, सगळेच करतात, असं सांगतात. तीन महिने घरी बसल्यावर, बापाच्या निवृत्तीची तारीख जवळ येत असताना हा प्रश्न समोर आला, तर तेव्हा उत्तर शोधू नका. आजच शोधा. व्यवहार म्हणूनही तो कागद घातक आहे. पुढची कंपनी जुन्या नोकऱ्यांची चौकशी करते, भविष्यनिर्वाह निधीची नोंद तपासते, आणि दोन वर्षांनी सापडलेलं खोटं चालू नोकरीही घेऊन जातं. पण ते सापडणार नसतं तरी लेवीय १९:३६ मध्ये खरा तराजू आणि खरी वजनं ठेवायला सांगितलं आहे. अनुभवपत्र हे तुमचं वजनमापच आहे.

दुसरं उदाहरण. काम पाच तासांचं झालं आणि वरिष्ठ म्हणाले, ग्राहकाला दाखवायच्या तक्त्यात आठ तास भर. वाक्य आधीपासून तयार ठेवा: ‘सर, झालेले तास मी जसेच्या तसे भरते. उरलेल्या वेळात चाचण्यांचं काम मला द्या, म्हणजे आठ तास खरोखर होतील.’ यात उपदेश नाही, आरोप नाही, वरिष्ठांना वाटही मिळते. दर वेळी हे जमेल असं मी सांगत नाही. काही वेळा किंमत मोजावी लागते, आणि ती दानीएलाच्या तीन मित्रांनी, राजाच्या मूर्तीपुढे वाकायला नकार देऊन, भट्टीपर्यंत मोजली.

एक उलटी चूकही होते. कामाच्या वेळेत टेबलावर बायबल उघडून बसणं, सहकाऱ्याला धरून तासभर साक्ष देणं. तो वेळ मालकाचा आहे. कलस्सै ३:२३ जे करायचं ते जिवाभावाने, प्रभूसाठी म्हणून करायला सांगतं. तुमचं काम वेळेवर आणि नीट असेल, तर जेवणाच्या सुट्टीत तुम्हाला कुणीतरी आपणहून विचारील.

पगाराचं बोलू. समजा हातात २८,००० येतात. पहिल्याच दिवशी २,८०० दशांश, म्हणजे देवासाठीचा दहावा भाग, बाजूला. घरी ५,०००. पीजी आणि जेवण ११,०००. प्रवास, मोबाइल ३,०००. उरले ६,२००. त्यातले ३,००० अडीअडचणीसाठी वेगळ्या खात्यात टाका. राहण्या-प्रवासाचा तीन महिन्यांचा खर्च ४२,००० होतो, तो १४ महिन्यांत जमा होईल. हातात ३,२०० राहतात आणि त्यात कपडे, मित्र, एखादं पुस्तक बसतं. आता याच्यात नव्या फोनचा ४,५०० चा हप्ता घाला. ६,२०० चे १,७०० उरले. पहिल्या महिन्यात बचत थांबते, दुसऱ्या महिन्यात दशांश, तिसऱ्या महिन्यात घरी जाणारे पैसे. हाच क्रम मी पुन्हापुन्हा पाहिला आहे.

क्रेडिट कार्डाचं गणित तर पाठच करा. अनेक कार्डांवर थकबाकीला महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. ४०,००० थकले तर व्याज १,४००, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी २५२. किमान भरणा पाच टक्के धरला तर तुम्ही २,००० भरता आणि मुद्दलातून ३४८ रुपये कमी होतात.

दशांश हा कर आहे का? नव्या करारात मंडळीवर ठरावीक टक्का बसवलेला नाही. २ करिंथ ९:७ मध्ये मनात ठरवून, आनंदाने द्यायला सांगितलं आहे. तरी सुरुवात दहा टक्क्यांनी करावी असं माझं मत आहे, कारण आकडा नसला की देणं महिन्याच्या शेवटी उरलेल्या चिल्लरवर येतं. घरावर कर्ज असेल तर दोन टक्क्यांनी सुरू करा, पण पहिल्या दिवशी. आणि कुणी मंचावरून सांगितलं की इतकं दान पेरा म्हणजे परदेशी नोकरी उगवेल, तर तिथून उठा. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८ मध्ये शिमोन जादूगाराने देवाचं दान पैशाने घेऊ पाहिलं, तेव्हा पेत्राने त्याला काय सुनावलं ते वाचा.

देण्याबद्दल आणखी एक. तुमच्या खोलीवर पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचे पैसे एक तारखेला द्या. ‘सुट्टे नाहीत, पुढच्या आठवड्यात’ हे चालणार नाही. याकोब ५:४ म्हणतो, अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते.

मंडळीविषयी. पुण्यात चर्चची वाण नाही. नाना पेठेतलं सिटी चर्च १७९२ सालचं, पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभं राहिलं. पंचहौदचं पवित्र नाम देवालय १८८५ चं. इतकी निवड असली की तरुण फिरते होतात: या रविवारी इथलं संगीत, पुढच्या रविवारी तिथला वक्ता. वर्षभराने त्यांना कुणी नावाने ओळखत नाही, आणि आजारी पडले तर विचारपूस करायला कुणी येत नाही. घरापासून अर्ध्या तासात पोचता येईल अशी एक मंडळी धरा आणि दोन वर्षं सोडू नका. शिफ्ट रविवारी येत असेल तर पाळकांना सांगा, संध्याकाळची उपासना शोधा. कॅथलिक मुलांना शनिवार संध्याकाळची मिस्सा मिळते. एखादं न दिसणारं काम मागून घ्या, खुर्च्या मांडण्याचं, ध्वनिक्षेपकाचं, लहान मुलांच्या वर्गाचं. शक्य असेल तर मराठी उपासनेला जा. इंग्रजीत प्रार्थना करता येणं चांगलंच, पण आईच्या आजारपणात तोंडून जी भाषा निघते तिच्यात वचन पाठ असलेलं बरं.

कारण ही भाषा आपली आहे. कॉलेजात, ऑफिसात कुणीतरी विचारतं, ‘धर्म बदलायला तुमच्या आजोबांना किती पैसे मिळाले?’ राग येतो, येणारच. १ पेत्र ३:१५ उत्तर द्यायला सांगतो, तेही सौम्यतेने. उत्तर देता यावं म्हणून थोडं वाचून ठेवा. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ चं, ओवीतलं, म्हणजे शिवरायांच्या जन्माआधीचं. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांच्या अभंगांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आले आणि ख्रिस्ताबद्दल अभंगांतच बोलले. पंडिता रमाबाईंनी केडगावला अनाथ आणि दुष्काळात सापडलेल्या मुलींना आसरा दिला, आणि हिब्रू व ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं. ते काम १९२२ मध्ये मृत्यूच्या आधी पुरं केलं. पुस्तक १९२४ मध्ये केडगावलाच छापून निघालं. केडगाव पुणे-सोलापूर लोहमार्गावर आहे. एका रविवारी दुपारी जाऊन या.

लग्नाबद्दल थोडक्यात. स्थळ पाहताना पगार आणि फ्लॅट सगळेच विचारतात. तुम्ही विचारा, कर्ज किती आहे, आणि रविवारी आपण कुठे जाणार. हॉटेलात वाढणाऱ्या मुलाशी समोरचा माणूस कसा बोलतो ते पाहा. मानपानाच्या नावाखाली हुंडा आपल्यातही घेतला जातो. १९६१ पासून तो गुन्हा आहे, आणि वेदीसमोर त्याचं पाप होतं. मुलांनो, ‘आईवडील मागतात, मी काय करू’ असं म्हणू नका. नाही म्हणायचं काम तुमचं आहे.

शंका येतील. योहान २० मध्ये येशू मेलेल्यांतून उठल्याचं ऐकून शिष्य थोमाने विश्वास ठेवायला चक्क नकार दिला, तरी आठ दिवसांनी तो बाकीच्यांबरोबर त्याच खोलीत होता, म्हणून त्याला प्रभू भेटला. शंका घेऊन मंडळीत बसा, पाळकांना विचारा. आणि झोप उडाली, भूक गेली, दोन आठवडे जगण्यात रस वाटेना, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरकडेही जा. जिवाचं बरंवाईट करावं असं मनात आलं तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. लूक वैद्य होता आणि पौल त्याला ‘प्रिय’ म्हणतो.

बाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे. तिघातिघांचे गट करायचे आहेत, मुलींचे वेगळे, मुलांचे वेगळे, दर मंगळवारी रात्री नऊला अर्धा तास. वहीतली दुसरी ओळ एकमेकांना वाचून दाखवायची, एवढंच काम. जे नगर, जालना, श्रीरामपूरहून आले आहेत त्यांनी गावच्या पाळकांकडून सभासदत्वाचा दाखला मागवून घ्या. तो पुढच्या महिन्यात आला तरी चालेल, नाव मात्र आज लिहा.