35 दाण्यांचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

दोन गटांत वैर का येते, असे विचारले की आपण स्वभावाकडे, संस्कारांकडे, नाहीतर जुन्या इतिहासाकडे बोट दाखवतो. आज ज्या प्रयोगाविषयी मी बोलणार आहे, त्यात भांडायला यांपैकी कोणतेच निमित्त नव्हते. 1954 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, रॉबर्स केव्ह येथे, 22 मुले शिबिराला आली. साधारण 11 वर्षांची, एकाच वंशाची, सारख्याच घरांतली आणि एकमेकांना अजिबात न ओळखणारी. तुर्कस्तानात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ आणि त्यांचे सहकारी शिबिराचे कर्मचारी बनून त्यांचे निरीक्षण करत होते.

मुलांचे दोन गट केले होते. एकाने स्वतःला 'ईगल्स' म्हणवले, दुसऱ्याने 'रॅटलर्स'. मग त्यांच्यात बेसबॉल, रस्सीखेच, तंबू उभारणे अशा स्पर्धा लावल्या. जिंकणाऱ्यांना करंडक, पदके आणि प्रत्येकाला एक छान चाकू; हरणाऱ्यांना काहीच नाही. हे 'काहीच नाही' ध्यानात ठेवा, कारण सगळे त्यातूनच उगवले. काही दिवसांतच एका गटाने दुसऱ्याचा झेंडा जाळला, एकमेकांच्या खोल्यांवर छापे पडले, आणि समोरचा गट म्हणजे भित्रा आणि लबाड, असे जो तो ठामपणे सांगू लागला.

आता मला ज्या प्रसंगाने झपाटले आहे, तो सांगतो. जमिनीवर घेवड्याचे दाणे विखुरले होते. ठरलेल्या वेळात ज्या गटाची मुले जास्त दाणे वेचतील, त्या गटाला पाच डॉलर. वेचणे संपल्यावर प्रत्येक मुलाचे दाणे, म्हणजे त्याचे म्हणून सांगितलेले दाणे, पडद्यावर क्षणभर दाखवले गेले आणि सगळ्यांनी आपापला अंदाज लिहायचा होता. नीट मोजायला वेळ मिळणार नाही, इतकाच तो क्षण. प्रत्यक्षात दर वेळी पडद्यावर 35 दाणेच होते. ना एक कमी, ना एक जास्त. तरीही आपल्या गड्याचे नाव पुकारले की अंदाज वर चढे आणि दुसऱ्या गटातल्या मुलाचे नाव आले की खाली उतरे. येथे कोणी मुद्दाम लबाडी करत होते, असे मला वाटत नाही. त्या मुलांना खरोखरच तसे दिसत असावे. पूर्वग्रह म्हणजे केवळ वाईट मत, असे आपण समजतो, पण तो मतापर्यंत पोचण्याआधीच नजरेत शिरलेला असतो. म्हणूनच दोन पक्षांच्या तंट्यात 'मी स्वतः पाहिले' एवढ्यावर निकाल देऊ नये, आधी मोजावे, या मताचा मी फार आग्रही आहे.

स्पर्धा हेच एकमेव कारण आहे, असे मात्र नाही. 1970 मध्ये मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी दाखवले की किरकोळ निमित्ताने गट पाडले तरी माणूस आपल्या गटाला झुकते माप देतो. पण झुकते माप वेगळे आणि झेंडा जाळणे वेगळे. या शिबिरात झेंडा जळला तो करंडक मांडल्यानंतर.

मग हे वैर उतरले कसे? दोन्ही गटांना एकत्र बसवून पाहिले, एकत्र चित्रपट दाखवले, एकत्र जेवू घातले. जेवणाच्या टेबलावर अन्नाची फेकाफेक झाली. 'एकदा भेटा, बोला, सगळे ठीक होईल' हा सल्ला देणाऱ्यांनी ही फेकाफेक आठवावी, असे मला कळकळीने वाटते, कारण इथे नुसत्या सहवासाने तेढ उलट ताजी राहिली. फरक पडला तो दोघांनाही हवे असलेले, पण एकट्याच्या बळावर न होणारे काम समोर आले तेव्हा. पिण्याचे पाणी बंद पडले आणि सगळ्यांनी मिळून बिघाड शोधला. अन्न आणणारा ट्रक सुरू होईना, तेव्हा सर्वांनी तो दोराने ओढला, आणि तो दोर रस्सीखेचीचाच होता. एका ओढीने सगळे मिटले नाही. अशी कामे पुन्हा पुन्हा करावी लागली, तेव्हा कुठे शिव्या थांबल्या.

शेवटच्या दिवशी मुलांनी एकाच बसने परत जायचे ठरवले. वाटेत बस थांबली. दाण्यांच्या स्पर्धेचे ते पाच डॉलर रॅटलर्सच्या हाती आले होते. त्यांनी त्या पैशांतून ईगल्ससकट सगळ्यांसाठी दुधाचे पेय घेतले.

नमस्कार.