दोन कविता किंवा पाच मिनिटं

(दृश्य: वाचनालयाचा जिना. पायऱ्यांशी चपलांचे मोजून अकरा जोड.)

शनिवार. संध्याकाळचे सव्वापाच. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं हे सार्वजनिक वाचनालय. खाली वर्तमानपत्रांची खोली, वर सभागृह. सभागृह म्हणजे पन्नासेक प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर साहित्यिकांच्या तसबिरी आणि तीन पंखे. त्यातला एक फिरतो, पण वारा देत नाही. कार्यक्रमाची वेळ पाचची आहे. म्हणजे सहाला सुरू होईल.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी इथं कवी जमतात. निमंत्रण नाही, मानधन नाही, शाल-श्रीफळ तर नाहीच. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर आदल्या दिवशी एक ओळ पडते: ‘उद्या काव्यकट्टा, सर्वांनी यावे.’ त्याखाली वीस-पंचवीस हात जोडलेले. त्यातले निम्मे येतात.

(दृश्य: दाराशी टेबल. त्यावर लांबट, दोनशे पानी वही.)

आत जाण्याआधी या वहीत नाव घालायचं. रकाने चार: अनुक्रमांक, नाव, गाव, कवितेचा प्रकार. शेवटचा रकाना बरेच जण रिकामा सोडतात. कुणी ‘मुक्तछंद’ लिहितं, कुणी ‘गझल’, कुणी ‘अष्टाक्षरी’. मागच्या महिन्याच्या पानावर एकानं लिहिलंय, ‘मनातली’.

नियम एकच. दोन कविता किंवा पाच मिनिटं, जे आधी संपेल ते. हा नियम सगळ्यांना पाठ आहे आणि प्रत्येकाला तो दुसऱ्यांसाठी केलाय असं वाटतं.

वहीभोवतीचं राजकारण बघण्यासारखं असतं. पहिला नंबर कुणालाच नको, कारण तेव्हा लोक अजून जिना चढत असतात. शेवटचाही नको, कारण तोवर निम्मे उतरलेले असतात. म्हणून मंडळी टेबलाशी घुटमळतात. ‘तुम्ही घाला हो आधी.’ ‘छे छे, तुम्ही ज्येष्ठ.’ मराठीत इतका विनय एरवी फक्त लग्नाच्या पंगतीत शेवटची जिलेबी उचलताना दिसतो.

(दृश्य: भिंतीवरची जुनी तसबीर, कॅमेरा हळूहळू जवळ.)

या जिल्ह्याला कवितेच्या मंचाची सवय आजची नाही. १९०७ साली जळगावात पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते कर्नल डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. तिथं जवळच्याच धरणगावचा सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा कविता म्हणायला उभा राहिला. नाव त्र्यंबक बापूजी ठोमरे. ऐकून अध्यक्षांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली, आणि मूळ नाव मागे पडलं ते पडलंच. पुढे १९१८ साली जळगाव आणि भुसावळच्या मधल्या भादली स्टेशनाजवळ, रेल्वेच्या अपघातात ते गेले. अठ्ठावीस वर्षांचंही आयुष्य मिळालं नाही.

इथून जळगावला जाणारी माणसं रोज त्या पट्ट्यातून गाडीनं जातात. त्यातल्या दोघातिघांच्या पिशवीत आत्ता कवितांची वही आहे.

(आवाज: माइकची शिट्टी. कुणीतरी फुंकर मारतं. ‘हॅलो, हॅलो, चेक.’)

सहाला पाच कमी. सूत्रसंचालक उठले. हे इथल्या शाळेतले निवृत्त मराठीचे सर. सगळे त्यांना सरच म्हणतात, त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. सूत्रसंचालन म्हणजे दोन कवींच्या मध्ये स्वतःच्या चार ओळी घुसवणं, असा समज आपल्याकडे पक्का आहे. सरांना तो मान्य नाही. नाव पुकारायचं, गाव सांगायचं, बसायचं. पंधरा कवी आणि दोन तास, हे गणित त्यांनी फळ्यावर मांडल्यासारखं डोक्यात ठेवलेलं असतं.

पहिला कवी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कविता मोबाइलमध्ये. वाचता वाचता पडदा विझतो, तो बोटानं पुन्हा पेटवतो, आणि तेवढ्यात ओळ निसटते. कागदावर उतरवलेल्या कवितेचा एक फायदा असतो, ती झोपत नाही. तरी दुसऱ्या कवितेत त्यानं मोबाइल खिशात घातला आणि पाठ होतं तेवढं म्हटलं. तेव्हा पहिल्यांदा त्याचा चेहरा दिसला.

मला इथं माझीच आठवण होते. कॉलेजात असताना अशाच एका कविसंमेलनात मी उभा होतो. हातात फुलस्केपचे तीन कागद, तिन्ही थरथरत होते. दुसऱ्या पानावर असताना व्यासपीठावरून चिठ्ठी आली. मला वाटलं, दाद आली. उघडली तर लिहिलं होतं, ‘आटपा.’ ती चिठ्ठी बरीच वर्षं माझ्या पाकिटात होती. कवितेचे तीन कागद कुठं गेले, कोण जाणे.

(दृश्य: चौथ्या क्रमांकाचा कवी. पन्नाशीचा, पांढरा सदरा, हातात काहीच नाही.)

हे शेतकरी आहेत. कपाशी आणि थोडी केळी. गझल लिहितात. गझल कशी ऐकवायची असते ते यांच्याकडून बघावं.

ते पहिली ओळ म्हणतात, गद्यासारखी, सहज.

‘उन्हाला सांग ना कोणी जरा थांबायला आता...’

आणि थांबतात. मग तीच ओळ पुन्हा. या वेळी थोडी सावकाश. खुर्च्यांत हालचाल होते. ही दुसऱ्यांदा म्हटलेली ओळ विसरभोळेपणाची नसते. ऐकणाऱ्यांच्या हातात धागा दिला जातोय. ओळ ‘आता’ या शब्दावर संपली आहे, म्हणजे पुढचीही तिथंच येणार, आणि त्याच्या आधी ‘थांबायला’शी जुळणारा एखादा शब्द असणार. सभागृहातली तीस डोकी मनातल्या मनात तो शब्द शोधायला लागतात. कवीला हे माहीत असतं. तो वाट बघतो.

‘उभी आहे कपाशी कालची वेचायला आता!’

शेवटचा ‘आता’ सगळ्या सभागृहानं त्यांच्याबरोबर म्हटला. ‘क्या बात है’ आलं. मागून एक ‘मुकर्रर’ आलं, म्हणजे पुन्हा एकदा. इथं उर्दूचं कुणाला वावडं नाही. ज्यांच्या घरी कापूस वेचायला मजूर मिळत नाहीत, त्यांनी मात्र टाळी वाजवली नाही. त्यांनी नुसती मान हलवली. दोन्ही दादच.

छापलेल्या पानावर ही जागा नसते. पानावर दोन ओळी एकाखाली एक असतात आणि डोळा दुसरीवर आधीच जाऊन पोचलेला असतो.

(दृश्य: खिडकीबाहेर संध्याकाळ. भोंगा वाजवत जाणारी बस.)

कविता म्हणायची की गायची, हा वादही जुनाच. १९२३ साली पुण्यात माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश या मंडळींनी रविकिरण मंडळ सुरू केलं. सुरुवात रविवारच्या चहानं झाली. कवितावाचन आणि चहा, म्हणून त्याला ‘सन-टी क्लब’ म्हणत. या कवींनी कविता चालीवर गाऊन लोकांपर्यंत नेली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. आचार्य अत्र्यांनी त्यांची विडंबनं केली, तीही लोकांनी डोक्यावर घेतली. पुढच्या पिढीत विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर गावोगाव एकत्र फिरले. तीन कवी, तीन आवाज, पेटी-तबला काही नाही, आणि माणसं कविता ऐकायला सभागृहं भरत. आजही इथं कुणी गळा काढून गायला लागलं की पुढच्या रांगेतले दोघं एकमेकांकडे बघतात. गळा चांगला असला तर कवितेचं वजन कळत नाही, असं सरांचं मत आहे. गळा वाईट असला तर काय, यावर ते बोलत नाहीत.

आता जी बाई उठतेय, ती गाणार आहे आणि तिला कुणी काही म्हणणार नाही.

(दृश्य: साठीच्या पुढची बाई. डोक्यावर पदर. माइक तिच्या उंचीला खाली केला जातोय.)

तिच्याकडे वही नाही. नातवानं तिचं नाव वहीत घातलं, प्रकाराच्या रकान्यात ‘आजीची’ असं लिहिलं. ती इकडच्या लेवा बोलीत म्हणते, जात्यावरच्या ओवीच्या चालीत. विषय म्हणाल तर गॅसची सबसिडी, सून आणि देव, एकाच दमात. हसता हसता लोकांचे डोळे ओले होतात आणि का, ते कळत नाही.

याच बोलीत बहिणाबाई चौधरींनी शेतात, घरात काम करता करता गाणी रचली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. ऐकणाऱ्या घरच्या माणसांनी ती टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांचे चिरंजीव, कवी सोपानदेव चौधरी यांच्या हातून आणि अत्र्यांच्या पुढाकारानं ती पुस्तकरूपात आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. आजी खाली बसल्यावर मी नातवाला विचारलं, हे कुठं लिहून ठेवलंय का? तो म्हणाला, ‘रेकॉर्डिंग आहे ना. पण मागच्या मोबाइलमध्ये होतं, तो पाण्यात पडला.’

(दृश्य: रिकाम्या खुर्च्या. भरलेल्या कमी झाल्यात.)

सात वाजले. आता या कट्ट्याचं खरं दुखणं दिसायला लागतं. आपली कविता झाली की माणसं हळूच उठतात. कुणाला बस गाठायची असते, कुणाच्या घरी पाहुणे असतात. फोन कानाला लावून, ‘हो हो, निघालोच’ म्हणत, वाकून, पडद्यावर सावली पडू नये तसे जातात. तसं पाहिलं तर पडदा नसतोच.

‘कवी पुष्कळ हो,’ सर म्हणतात. ‘ऐकणारे आणा कुठून तरी.’

पुण्या-मुंबईच्या कॅफेंमध्ये ओपन माइक होतात, तिथं हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सोडवलाय. तिकीट लावतात. म्हणणाऱ्यालाही, ऐकणाऱ्यालाही. हिंदी, इंग्रजी, मराठी एकाच रात्री. टाळ्यांऐवजी कुठं कुठं चुटक्या वाजवतात, म्हणजे म्हणणाऱ्याची लय तुटत नाही. पाच मिनिटांचा व्हिडिओ होतो, त्यातल्या तीस सेकंदांचं रील होतं. इथली दोन पोरं स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्यात असतात. दिवाळीला आली की कट्ट्यावर येतात. मागच्या दिवाळीत त्यांनी चुटक्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या अप्पांना वाटलं, आपल्याला उठायला सांगताहेत.

मला त्या पोरांची कविता आवडते, पण एक गोष्ट खटकते. ती प्रेक्षकांकडे बघत नाहीत, कॅमेऱ्याकडे बघतात. समोरचा माणूस कुठं कंटाळला, कुठं पुढे सरकला, हे त्यांना रात्री लाइक मोजून कळतं. इथं ते त्याच ओळीला कळतं. आठव्या नंबरच्या ताईंनी आज कविता म्हणताना मधलं एक कडवं गाळलं. नंतर मी विचारलं तर म्हणाल्या, ‘समोरच्या काकांनी घड्याळ बघितलं ना. मला पण ते कडवं जरा जडच वाटत होतं.’

साहित्य संमेलनात आता कविकट्टा असतो. मुख्य मांडव निमंत्रितांचा आणि हा बाकी सगळ्यांचा. आमच्या अमळनेरला १९५२ नंतर थेट २०२४ साली अखिल भारतीय संमेलन आलं, तेव्हा या वहीतली माणसं हौसेनं गेली होती. तिथं गर्दी मोठी, वेळ कमी. परत आल्यावर एक जण म्हणाला, ‘तिथं म्हणून आलो, पण ऐकलं इथंच जातं, भो.’

(दृश्य: तिसरी रांग, भिंतीकडची खुर्ची.)

या खुर्चीवर नाना बसतात. त्यांचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. सहा वर्षांत त्यांनी एकही कविता म्हटलेली नाही, लिहिलेलीही नाही. वहीत नाव घालत नाहीत. दुसऱ्या शनिवारी दुकान पोरावर सोपवून येतात, शेवटपर्यंत बसतात, आणि जाताना खुर्च्या एकावर एक रचायला मदत करतात.

नाना, तुम्ही का येता?

‘बसायला बरं वाटतं.’

एवढंच?

‘दिवसभर लोक माझ्याशी नळीच्या इंचाबद्दल बोलतात, भाऊ.’

(दृश्य: खालचं अंगण. कागदी कपांतला चहा. दुचाकी.)

आठ वाजले. दिवे मालवले, वही कपाटात गेली. चहाच्या टपरीशी गझलवाले भाऊ उभे आहेत. नाना दुचाकीला किक मारता मारता थांबतात. त्यांना तो शेर हवाय. ते स्वतःच म्हणून बघतात.

‘उन्हाला सांग ना कोणी जरा थांबायला आता... उभी आहे कपाशी आजही वेचायला आता.’

‘कालची, नाना. कपाशी कालची.’

‘मी काय म्हटलं?’

‘आजही.’

नाना जरा विचार करतात. ‘काल होती, आज आहेच ना पण उभी. मजूर कुठं आला?’

भाऊ काही बोलत नाहीत. चहाचा कप तसाच हातात. ओठ हलतात, बोटांवर मात्रा मोजल्या जातात. आजही. वेचायला. आता.

‘वृत्तात बसतंय,’ ते म्हणतात. मग कपाळाला आठी. ‘पण ‘आजही’ आणि ‘आता’, एकाच ओळीत दोनदा झालं की.’

‘ते तुम्ही बघा,’ नाना म्हणतात, आणि किक मारतात.